चढणीच्या माशांची कागदपत्रं

गारा मुल्या. लेबिओ पोटेल. सिरिनस फुलुंगी. पॅराकँथोकोबिटिस मूरेह. हायप्सेलोबार्बस कोलस. ही नावं एकदा मोठ्याने वाचा. पहिले शब्द लॅटिन-ग्रीक वळणाचे आहेत, ते सोडून द्या. दुसरे शब्द मात्र एखाद्या भोयाच्या किंवा कातकऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटतील, कारण ते तिथूनच आलेत. मुल्या म्हणजे मळ्या. मूरेह म्हणजे मुरे. कोलस म्हणजे आपला कोळस, काही गावांत कोळशी. जगभरातले मत्स्यशास्त्रज्ञ आजही शोधनिबंधात ही नावं तिरक्या अक्षरांत छापतात. सॅन फ्रान्सिस्कोपासून टोकियोपर्यंतच्या संग्रहालयांच्या याद्यांत आपल्या ओढ्यातला मळ्या 'मुल्या' होऊन बसलाय.

हे काम कर्नल विल्यम हेन्री साईक्सचं. हा माणूस १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला होता. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. नुकत्याच जिंकलेल्या दख्खनमध्ये किती गावं, किती नांगर, किती विहिरी, कोणती पिकं याची मोजदाद करणं हे त्याचं काम. त्यासाठी तो घोड्यावरून गावोगाव फिरला आणि फिरता फिरता पक्षी, प्राणी, मासे जमवत गेला. विलायतेत परतल्यावर त्याने लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवर निबंध वाचला, १८३९ मध्ये त्याचा सारांश छापून आला आणि दोन वर्षांनी चित्रांसह पूर्ण निबंध. त्यातले कितीतरी मासे विज्ञानाला नवे होते. त्याने थोड्या माशांना लंडनच्या ओळखीच्यांची नावं दिली. यॅरेल नावाच्या निसर्गअभ्यासकाचं नाव एका आडदांड शिंगाळ्याला मिळालं, सोसायटीच्या ओगिल्बीचं एका चपट्या माशाला. बाकी बऱ्याच माशांना मात्र मराठी नावंच ठेवली, आपल्या इंग्रजी कानांना ऐकू आली तशी. शिंगटीचं 'सीन्गटी' झालं. अळकुटीचं 'अल्कूटी'. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला त्याने 'खुद्री' म्हटलं, आणि आज दख्खनी महसीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री असंच आहे.

ही नावं साईक्सला सांगितली कुणी, ते त्या निबंधातून कळत नाही. पण कुणीतरी मासा हातात धरून सांगितलं असणार की साहेब, ह्याला हे म्हणतात. वर्गीकरणशास्त्रात मासा पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याचं नाव त्याच्या नावापुढे कायम जोडतात. मळ्यापुढे आजही 'साईक्स, १८३९' असं लिहावं लागतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले गिटमध्ये प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते बघू शकतो, त्याला 'ब्लेम' म्हणतात. इथे ब्लेम एकाच माणसाच्या नावावर आहे, आणि ज्याने माहिती दिली तो कमिट लिस्टमध्ये नाही.

मला हे सगळं शोधावंसं वाटलं ते दादांमुळे. दादा म्हणजे माझे वडील. वायरमन म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. गाव मावळात, इंद्रायणीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. वर्षातले अकरा महिने ते माशांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. रोहिणीचा पाऊस पडून गेला की अस्वस्थ होतात, आणि मृगाच्या पहिल्या दणक्यानंतर मला फोन येतो. "चढण सुरू झाली. शनिवारी येतोस का?" बास, एवढंच. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही तरी ते काही म्हणत नाहीत. जूनच्या त्या शनिवारी गेलो नाही तर मात्र आठवडाभर बोलत नाहीत.

चढण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्च ते मे आमचा ओढा म्हणजे दगडगोटे. पाणी उरतं ते फक्त डोहांत, आणि ओढ्यातले, नदीतले मासे त्या डोहांत उन्हाळा काढतात. पहिला मोठा पाऊस झाला की वरून गढूळ, थंड पाणी येतं. पाण्याचं तापमान उतरतं, त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण एकदम बदलतं, वेग वाढतो. माशाला हे कळतं. त्याच्या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून संप्रेरकं सुटतात, पोटातली अंडी पिकतात आणि मासा प्रवाहाच्या उलट निघतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात. खाचरातलं पाणी उथळ आणि कोमट असतं, त्यात सूक्ष्म जीव भरपूर, मोठे शिकारी मासे कमी. पिल्लांसाठी याहून चांगली बालवाडी नाही. पुढे पाणी ओसरू लागलं की पिल्लं आणि मोठे दोघेही परत नदीकडे निघतात.

मळ्याचं चढणं बघण्यासारखं असतं. त्याचं तोंड खालच्या बाजूला, आणि तोंडामागे एक चकतीसारखा भाग, जणू रबरी सक्शन कपच. धबधब्याच्या कडेच्या ओल्या खडकावर तो चिकटतो, शेपूट मारतो, बोटभर वर सरकतो, पुन्हा चिकटतो. रात्री बॅटरीच्या उजेडात तो काळा खडक हलतोय असं वाटतं. दादा शेवाळावर पाय रोवून उभे राहतात आणि हाताने त्यांना टोपलीत सारतात. मी पाग टाकायला अजून नीट शिकलेलो नाही, पण टोपली धरायचं काम मला चांगलं जमतं. बॅटरी पावसात फार वेळ टिकत नाही, म्हणून दादा अजूनही चिमणीचा एक जुना कंदील सोबत घेतात आणि तो कधीच पेटवत नाहीत.

आता अडचणीचा मुद्दा. चढणारा मासा अंड्यांनी भरलेला असतो. तो पकडणं म्हणजे पुढच्या वर्षीचे शेकडो मासे आज कालवणात घालणं. हे शहरातला कुणीही शहाणा सांगेल, मीही दादांना सांगितलंय. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "आमच्या आज्यापासून धरतोय. धरून संपले असते तर तुझ्यापर्यंत आलेच नसते." या उत्तरात खरं किती हे मला ठरवता येईना, म्हणून मी जुनी कागदपत्रं वाचू लागलो.

माशांच्या बंदीचा इतिहास आपण समजतो त्यापेक्षा बराच जुना आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची लांबलचक यादी आहे. तिच्यात काही मासे आहेत, त्यातला एक तर 'हाडं नसलेला मासा'. त्यापुढे असंही आहे की चातुर्मासाच्या तीन पौर्णिमांना आणि ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, विकूही नयेत. त्या तीन पौर्णिमांतली एक आषाढी. म्हणजे ऐन चढणीच्या काळात माशांना काही दिवस अभय होतं. लगेच 'आपले पूर्वज किती वैज्ञानिक' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण त्याच तिथी उपोसथाच्या धार्मिक व्रताच्या आहेत आणि त्या दिवशी इतर प्राण्यांनाही सूट आहे.

असाच एक निरोप दर श्रावणात फॅमिली ग्रुपवर येतो. श्रावणात मासे खात नाहीत कारण तो विणीचा हंगाम, वगैरे. समुद्री माशांबद्दल त्यात थोडं तथ्य असेल. पण आमच्या ओढ्याचं वेळापत्रक वेगळं आहे. चढण होते ज्येष्ठात, फार तर आषाढात. श्रावण लागेपर्यंत छोट्या माशांची पहिली वीण उरकलेली असते. आषाढात, म्हणजे आखाड साजरा करण्याच्या दिवसांत, नेमकी अंड्यांची मासळी ताटात असते. विणीच्या काळजीपोटी श्रावण पाळला असता तर तो एक महिना आधी ठेवला असता.

दख्खनमध्ये मासेमारीवर लिहिलेलं जुनं साहित्य शोधताना 'मानसोल्लास' हाती लागतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने साधारण ११३० च्या सुमारास तो रचला. त्यात राजाच्या करमणुकींच्या प्रकरणांत 'मत्स्यविनोद' आहे. कोणता मासा कुठे राहतो, खवल्यांचा कोणता, बिनखवल्यांचा कोणता, कोणाला काय चारा घालायचा आणि गळ कसा टाकायचा हे तिथे तपशिलात दिलंय. नऊशे वर्षांपूर्वी दख्खनचा राजा काठावर बसून गळाला आमिष लावत होता. पण ही राजाची मासेमारी. पावसात, चिखलात, भातखाचराच्या बांधावर मासे धरणाऱ्याला तिथे जागा नाही. त्याचा 'विनोद' होत नव्हता, त्याचं ते जेवण होतं.

त्याचा उल्लेख सरकारी कागदांत ठळकपणे येतो तो साईक्सनंतर, १८७० च्या दशकात, आणि येतो तो आरोपी म्हणून. फ्रान्सिस डे हा लष्करी डॉक्टर होता, माशांचा जबर अभ्यासक, पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक. १८७३ मध्ये त्याने गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर अहवाल दिला. ठिकठिकाणच्या गोऱ्या आणि देशी अंमलदारांना त्याने प्रश्न पाठवले होते. जाळ्याचं सगळ्यात लहान भोक किती, विणीच्या काळात मासे धरतात का, पिल्लं मारतात का. उत्तरं वाचून तो हादरला. चढणारे मासे अडवले जातात, खाचरांतून परतणारी पिल्लं बांधाच्या तोंडाशी बांबूच्या सापळ्यांत अडकतात, आणि हे असंच चाललं तर नद्या रिकाम्या होतील, असं त्याचं म्हणणं. त्याच साली मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचं 'द रॉड इन इंडिया' आलं. गळाने महसीर धरणाऱ्या साहेबांचं ते धर्मपुस्तकच म्हणायचं. थॉमसही विष आणि पिल्लांच्या कत्तलीविरुद्ध लिहीत होता.

डेचा अहवाल वाचताना मला दादांची बाजू घ्यावीशी वाटते. पण त्याच्यावर अन्याय करायचा नाही, कारण त्याच कामाची एक दुसरी बाजू आहे, जी कमी सांगितली जाते. मुळात हा विषय निघाला तोच धरणांमुळे. दक्षिणेत कावेरी-गोदावरीवर मोठमोठे बंधारे घालणारा आर्थर कॉटन, त्यानेच १८६७ च्या सुमारास सरकारला लिहिलं की या बंधाऱ्यांनी समुद्रातून वर चढणाऱ्या माशांची वाट अडतेय. डेने त्याची पाहणी केली आणि बंधाऱ्यांत माशांसाठी वाटा ठेवा असं सुचवलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच दोन्ही कारणं टेबलावर होती, खेड्यातला बांबूचा सापळा आणि सरकारी बंधारा.

कायदा झाला तेव्हा यातलं काय उरलं ते बघा. 'इंडियन फिशरीज ॲक्ट', १८९७ चा चौथा कायदा. चौथं कलम सुरुंगाने मासे मारण्याविरुद्ध, पाचवं विषाविरुद्ध, शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. सहावं कलम प्रांतिक सरकारांना नियम करायचा अधिकार देतं. पाण्यात रोवलेले सापळे, मासेमारीचे बांध, जाळ्यांचा आकार आणि प्रकार. एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत पूर्ण मासेमारीबंदीही करता येते. पाटबंधाऱ्यात माशांना वाट ठेवली नाही तर कुणाला किती दंड, याबद्दल कायद्यात अक्षर नाही. तोवर मुठेवर खडकवासल्याचं धरण उभं राहून जवळजवळ दोन दशकं झाली होती. सुरुंगाचं कलम योग्यच आहे, ते आजही हवं. रेल्वे आणि रस्त्यांच्या कामांतून डायनामाइट खेडोपाडी पोचलं होतं आणि एका स्फोटात डोह मोकळा व्हायचा. पण वाट अडवण्याचा गुन्हा कायद्याला दिसला तो टोपलीवाल्याच्या हातात.

आमच्या इंद्रायणीची गोष्ट त्यानंतरची. १९१० च्या दशकात टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले. त्यांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून वीज बनवायची आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. त्यातलं वळवण धरण इंद्रायणीच्या उगमाजवळ आहे. पूर्वेला वाहून भीमेत जाणारं पाणी पश्चिमेला वळलं. खालून चढून येणाऱ्या माशाला वळवणची भिंत लागली. मग पुढच्या शंभर वर्षांत कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात धरणांची आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची रांग लागली. मी धरणविरोधी नाही. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटच्या नळाला येणारं पाणी धरणाचंच आहे. पण मासे कुठे गेले हे विचारताना भिंतींची यादी आधी काढावी, टोपल्यांची नंतर.

आणि गंमत म्हणजे चढणीच्या माशाला वाचवायचा देशातला एक गाजलेला प्रयोग त्याच वळवणला झाला. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या आसपास पाहिलं की लोणावळ्याच्या तलावांत अडकलेले खुद्री महसीर पावसाळ्यात ओढ्यांच्या तोंडाशी गोळा होतात. चढायची ऊर्मी गेलेली नव्हती, चढायला नदी उरली नव्हती. त्यांनी ते मासे धरून, पोट हलकेच दाबून अंडी काढली, नराचं वीर्य मिसळलं आणि पिल्लं वाढवली. टाटांच्या मदतीने तिथे उबवणी केंद्र उभं राहिलं. पुढे त्यांनी आणि सहकारी ओगले यांनी महसीरची अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवायची पद्धतही बसवली. ओल्या कापसात! अशी युक्ती मला फार आवडते, काम होतं आणि खर्च होत नाही.

पण याच गोष्टीचा पुढचा भाग कडू आहे. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या खुद्रीची पिल्लं कावेरीत सोडण्यात आली. कावेरीत आधीच एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. साहेब लोक त्याच्यासाठी समुद्र ओलांडून यायचे. पण त्याला धड शास्त्रीय नाव नव्हतं. नाव नसलेला मासा कोणत्याही यादीत नसतो, त्यामुळे कोणत्याही संरक्षणातही नसतो. गळाने मासे धरून परत सोडणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की खुद्री वाढत गेला आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा झाला. २०१८ मध्ये त्याची ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. पुण्याच्या माशाला वाचवलं, आणि त्याने दुसऱ्याचं घर घेतलं. १८३९ मध्ये कुणी कावेरीकाठच्या भोयालाही त्याच्या माशाचं नाव विचारलं असतं तर काय झालं असतं, असा विचार मनात येतो.

बाजारातल्या 'गोड्या पाण्यातल्या माशा'ची कथा वेगळीच आहे. रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. हे मासेही पुराशिवाय, चढणीशिवाय अंडी देत नाहीत, बंद तळ्यात तर मुळीच नाही. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी ओडिशातल्या अंगुलमध्ये पिट्यूटरीचा अर्क टोचून त्यांची वीण करवली. चढण इंजेक्शनमध्ये भरली म्हणा ना. त्यातून देशभर मत्स्यशेती उभी राहिली, कोट्यवधी लोकांना स्वस्त मासा मिळाला. मग तीच पिल्लं धरणांत सोडली गेली, धरणं मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिली गेली, आणि कोळस, मळ्या, मुरे हे 'किरकोळ मासे' या एका शब्दात गुंडाळले गेले.

दादांचे काही नियम आहेत, कुठे लिहिलेले नाहीत. ओढ्याचं पात्र पूर्ण अडवायचं नाही, एक बाजू मोकळी ठेवायची. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी घरात खपेल एवढंच धरायचं. ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक, बॅटरीचा करंट यातलं काही दिसलं की भांडायचं, आणि दादा खरंच भांडतात. सगळ्यात कडक नियम उन्हाळ्याचा. एप्रिल-मे मध्ये डोह उपसायचा नाही. त्यांचा आजा म्हणे सांगायचा की तो डोह देवीचा. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनीच्या नावाने मासे आजही राखलेत, तसाच हा प्रकार. जीवशास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर उन्हाळी डोहातले मासे हेच पुढच्या पिढीचं सगळं भांडवल. चढणीत हजारांतले शंभर गेले तरी नऊशे वर पोचतात. डोह उपसला की शून्य. म्हणून दादांच्या उत्तरात मला बरंच तथ्य दिसतं. फक्त त्यांच्या आज्याच्या काळी बांधावर पाच घरची माणसं असायची. गेल्या जूनमध्ये मी मोजल्या, पुलाजवळ चाळीसच्या वर दुचाकी होत्या, त्यातल्या निम्म्या पुण्या-पिंपरीच्या, आणि दोघे जण रील बनवत होते. पात्राची मोकळी बाजू आता कुणाच्यातरी जाळ्याची असते. हे दादांनाही दिसतं. त्या रात्री त्यांनी पाग काढलीच नाही, आम्ही नुसते वरच्या खडकाशी जाऊन मळ्या बघत बसलो.

यंदा मी एक शीट बनवलीय. पहिल्या रकान्यात दादांनी सांगितलेलं नाव, दुसऱ्यात साईक्सचं, तिसऱ्यात आजचं शास्त्रीय नाव, चौथ्यात शेवटचा कधी दिसला. दादा फोनवर सांगतात, मी टाइप करतो. मळ्या, गेल्या वर्षी. मुरे, गेल्या वर्षी. शिंगटी, दरवर्षी, भरपूर. वाम, तीन वर्षांपूर्वी एक. कोळशी, २००५ च्या पुरात, त्यानंतर नाही. काही नावांपुढे दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा आहे, कारण ती मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत. त्यांचे फोटो काढून अभ्यासकांना पाठवायचे असं आमचं ठरलंय.

खुद्रीच्या ओळीवर मी विचारलं, "आणि मोठा खवल्यांचा, महसीर? आपल्या ओढ्यात कधी?"

"मी नाय बघितला," दादा म्हणाले. "आजा सांगायचा, हाताएवढं खवलं असायचं. पण तो धरण व्हायच्या आधीचा माणूस."